अलर्टची उगाच होणारी बोंब कशी थांबवाल

बॅकअप सुरू झाला की सर्व्हरचा सीपीयू दोन मिनिटं ९० टक्क्यांवर जातो, अलर्ट येतो आणि आपण लॅपटॉप उघडेपर्यंत सगळं शांत झालेलं असतं.

सर्व्हरवर लक्ष ठेवून असे अलर्ट देण्यासाठी प्रोमिथियस हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर:

१. नियमात 'फॉर' घालून १० मिनिटं द्या. अट तेवढा वेळ सलग खरी राहिली तरच अलर्ट वाजतो. तोवर तो 'पेंडिंग' असतो.

२. आकडा सारखा वरखाली होत असेल, तर नुसतं 'फॉर' पुरत नाही. मधल्या एका तपासणीत जरी तो मर्यादेखाली आला तरी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि खरी अडचणही निसटते. (हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.) तिथे त्या क्षणाचा आकडा न बघता मागच्या ५ मिनिटांची सरासरी तपासा.

३. अलर्ट सारखा वाजून थांबत असेल, तर प्रोमिथियसच्या २.४२ आवृत्तीपासून 'कीप फायरिंग फॉर' आहे. अट खोटी झाली तरी तो ठरवलेला वेळ अलर्ट चालूच ठेवतो.

एक मात्र सांभाळा: सर्व्हरच बंद पडला तर आकडे येणंच थांबतं आणि हा नियम गप्प बसतो. 'अप' (सर्व्हरकडून आकडे मिळाले तर १, नाही तर शून्य) शून्य झालं का हे पाहणारा वेगळा नियम हवाच, आणि त्याचं 'फॉर' एक-दोन मिनिटांचंच ठेवा.