‘पुन्हा करील का?’ : उपचाराचा परिणाम कसा मोजावा

लैंगिक गुन्ह्यात सापडलेला मुलगा बालन्याय मंडळाकडून समुपदेशनाला आला की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: पुन्हा करील का? त्यावर ‘सांगता येत नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. २०१६ साली संशोधक कॉल्डवेल यांनी १०६ अभ्यासांतली अशी ३३,७८३ मुलं एकत्र मोजली. सरासरी पाचेक वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्याची नोंद झालेली मुलं ५ टक्क्यांच्या आत भरली. चोरी-मारामारीसारखे इतर गुन्हे यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा, लैंगिक आणि इतर. एकात कालवलेत तर मोबाइल चोरलेला मुलगाही ‘उपचार फसला’ म्हणून मोजला जातो. आणि हे फक्त नोंदले गेलेले गुन्हे, हेही घरच्यांना सांगा.

धोका मोजणाऱ्या चाचण्यांनी भले भले फसतात. शंभर मुलांत पुन्हा करणारे पाच धरा. चाचणीने त्यातले चार पकडले आणि उरलेल्या ९५ मधल्या १९ जणांवर चुकून बोट ठेवलं, तर ‘धोकादायक’ ठरले २३, त्यांत खरे चारच. जे-सोप-२ (अशा मुलांचा धोका तपासायची मुद्द्यांची यादी) वापरत असाल तर शिक्का मारायला वापरू नका. तिच्या २८ मुद्द्यांपैकी पूर्वेतिहासाचे मुद्दे बदलत नाहीत. उपचारातला सहभाग आणि घर-शाळेतलं स्थैर्य बदलतं. दर सहा महिन्यांनी तेवढंच पुन्हा भरा आणि फरक बघा.

‘उपचार पूर्ण केलेले’ विरुद्ध ‘सोडून गेलेले’ अशी तुलना तर करूच नका. सोडून जाणाऱ्यांची घरं बहुधा आधीच विस्कटलेली असतात. उपचाराचा आदेश झालेला प्रत्येक मुलगा मोजा. संशोधक बोर्डिन यांनी ४८ मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. सुमारे नऊ वर्षांनी घर, शाळा, मित्र या सगळ्यांत उतरून केलेल्या उपचारानंतर ८ टक्के, नेहमीच्या उपचारानंतर ४६ टक्के मुलांना पुन्हा लैंगिक गुन्ह्यात अटक झाली. संख्या लहान आहे, पण दिशा पक्की.

पहिल्याच बैठकीत मुलाला स्पष्ट सांगा: नवा प्रसंग कळला तर पोक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे मागाहून कळलं की तो तोंड मिटतो.

खरी कसोटी गणेश चवथीला. मूळ घरी सगळे जमतात, रात्री सालात, म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोलीत, ओळीने चटया पडतात. ज्याला त्रास झाला ते मूल तिथे येणार असेल तर हा मुलगा जाणार नाही, विषय संपला. नसेल तर लेखी ठरवा: तो बाबांच्या शेजारी झोपेल, लहान मुलं आजीबरोबर आतल्या खोलीत, आरतीच्या गडबडीत त्याच्यावर लक्ष कुणाचं, त्या माणसाचं नाव. ‘सगळेच बघतील’ म्हणजे कोणीच बघत नाही. दुसऱ्या दिवशी फोन करा, पण मुलाला नको. ज्याचं नाव कागदावर आहे त्याला.