इथेनॉलमधलं तांबं मोजताय? या चुका टाळा

गाळप हंगामात सांगलीकडच्या डिस्टिलरीत टँकर अडला की पहिलं बोट लॅबमधल्या एएएसकडे, म्हणजे नमुना ज्योतीत फवारून त्यातला धातू मोजणाऱ्या मशीनकडे दाखवतात. माझा अनुभव उलटा आहे. मशीन क्वचित चुकतं, बहुतेक वेळा नमुनाच आधी नासलेला असतो.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमध्ये तांबं किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. जास्त झालं की पेट्रोलमध्ये गोंद धरतो. (१९६१ साली अॅलन शेपर्डला अंतराळात नेणारं रेडस्टोन रॉकेटही अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजनवरच उडालं होतं. उसाच्या पट्ट्यात ही गोष्ट जरा मिरवायला हवी!)

एकदा रात्रपाळीचा नमुना ०.१८ आला, त्याच टाकीचा दिवसपाळीचा ०.०३. "सर, मशीनचा दिवा गेला वाटतं," सहायक म्हणाला. दिवा बदलला, तांबं ज्या प्रकाशावर मोजतात ती ३२४.८ नॅनोमीटरची रेषा पुन्हा जुळवली, आकडा जागचा हलेना. शेवटी टाकीपाशी गेलो, तर नमुन्याचा कॉक पितळी! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कॉकमध्ये तासन्‌तास साचलेलं अल्कोहोल रात्रपाळीवाला थेट बाटलीत घेत होता. दिवसपाळीवाला सवयीने आधी लिटर-दोन लिटर सोडून द्यायचा, एवढाच फरक. कॉक स्टीलचा बसवला, तरी आधी सोडून देण्याची सवय ठेवलीच.

दुसरी चूक म्हणजे पाण्यातली स्टँडर्ड्‌स, म्हणजे मशीन जुळवायला वापरायची माहीत प्रमाणाची द्रावणं. अल्कोहोलचा पृष्ठताण कमी, फवारा बारीक होतो, ज्योतीत जास्त माल पोचतो आणि आकडा फुगतो. स्टँडर्ड आणि ब्लँक (तांबं न घातलेलं द्रावण) दोन्ही शुद्ध अल्कोहोलमध्येच बनवा. अल्कोहोल स्वतः जळतं, त्यामुळे ज्योत पिवळी पडते. अल्कोहोल ओढलं जात असतानाच अॅसिटिलीन कमी करून ती निळी करा.

बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवा, पण नंतर पाण्याने पुरत्या खंगाळा. तीव्र नायट्रिक आणि अल्कोहोल एकत्र आले तर भडका उडू शकतो, इथे हयगय नको. सोडियम मोजायचं असेल तर काचेऐवजी प्लास्टिकची बाटली घ्या, आणि घामेजलं बोट झाकणाच्या आत लावू नका.

रिपोर्टमध्ये 'शून्य' लिहू नका, शोधमर्यादेपेक्षा (मशीनला ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणापेक्षा) कमी असं लिहा. आणि एकक बघा. मशीन लिटरमागे आकडा देतं, मर्यादा किलोमागे आहे. लिटरभर इथेनॉल भरतं ०.७९ किलो. म्हणजे पडद्यावर ०.०९ दिसलं की पास म्हणून सही ठोकू नका. भागून बघा, ०.११ येतं.