वेलंकणीच्या आरोग्यमातेच्या दर्शनाला जाताना

तमिळनाडूतील नागपट्टिणम जिल्ह्यात, बंगालच्या उपसागराच्या काठी वसलेल्या वेलंकणीला, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या ‘आरोग्यमाता’ नावाच्या तीर्थाला, पहिल्यांदाच निघणाऱ्याने उत्सवात जायचे की उत्सव टाळायचा, हे सर्वांत आधी ठरवावे. २९ ऑगस्टच्या संध्याकाळी ध्वज चढवला जातो आणि ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मदिनाच्या सणाने, उत्सवाची सांगता होते. या दिवसांत लाखोंची गर्दी लोटते आणि कित्येक भाविक भगवी वस्त्रे नेसून दूरदूरहून पायी येतात. नवस फेडायचा असेल, तर हे दिवस योग्य आहेत. परंतु मातेपुढे निवांत बसायचे असेल, तर माझ्या मते जानेवारी-फेब्रुवारीतला आडवार निवडावा. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात त्या किनाऱ्यावर परतीचा मोसमी पाऊस आणि वादळे असतात, म्हणून वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी ते महिने टाळलेले बरे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी आधी चेन्नई गाठावी आणि तेथील एग्मोर स्थानकावरून रात्रीच्या गाडीने नागपट्टिणमला उतरावे; पुढचा दहा-बारा किलोमीटरचा प्रवास बसने किंवा रिक्षाने होतो. विमानाने येणाऱ्यांना तिरुचिरापल्ली सोयीचे पडते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा उत्सवाची तिकिटे पहिल्याच दिवशी काढावीत. मुक्काम किमान दोन रात्रींचा असावा.

येथील श्रद्धा तीन कथांवर उभी आहे, आणि तीर्थ त्याच क्रमाने पाहावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण थेट बॅसिलिकेत (पोपने विशेष मान दिलेल्या मुख्य चर्चमध्ये) शिरणाऱ्याला बाकीच्या दोन जागा नुसत्या वाटेवरच्या वाटतात. पहिली जागा मातेचे तळे. दूध पोहोचवायला निघालेल्या मुलाला येथे बाळासह माता दिसली, तिने बाळासाठी दूध मागितले आणि नंतर पाहिले तर भांडे काठोकाठ भरलेले होते, असे सांगतात. दुसरी जागा नडुत्तिट्टू, जेथे ताक विकणाऱ्या पांगळ्या मुलाला पाय मिळाल्याची कथा आहे. तळ्याच्या वाळूच्या वाटेवर अनेक जण गुडघ्यांवर चालतात. हा नवस करणाऱ्याने पहाट गाठावी, कारण ऊन चढल्यावर वाळू भाजते.

तिसरी कथा वादळातून वाचलेल्या पोर्तुगीज खलाशांची आहे. ८ सप्टेंबरला किनाऱ्याला लागलेल्या या खलाशांनी मातेसाठी प्रार्थनामंदिर उभारले, अशी परंपरा आहे. त्यातूनच वाढत गेलेल्या या शुभ्र मंदिराला १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी बॅसिलिकेचा दर्जा दिला. वेदीवर मातेची साडी नेसलेली मूर्ती आहे. मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) तमिळखेरीज इतर भाषांतही होते, म्हणून वेळा आदल्या संध्याकाळीच फलकावर पाहून घ्याव्यात आणि कुमसार (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) करायची असल्यास मिस्सापूर्वी पुरेसा वेळ हाताशी ठेवावा. दर्शनानंतर अर्पणवस्तूंचे संग्रहालय चुकवू नये. बऱ्या झालेल्या अवयवांच्या सोन्याचांदीच्या लहान प्रतिकृती तेथे मांडलेल्या आहेत आणि त्या वाहणाऱ्यांत हिंदू भाविकही पुष्कळ आहेत.

समुद्र अगदी जवळ आहे, पण पोहता येणाऱ्यानेही खोल पाण्यात उतरू नये. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच किनाऱ्यावर शेकडो यात्रेकरूंचे प्राण गेले. परत निघण्यापूर्वी वाळूत उभे राहून त्यांच्यासाठी एक ‘नमो मरिया’ ही मातेची प्रार्थना अवश्य म्हणावी.