कोरियन उच्चारातलं ‘पीस ऑफ केक’ समोरच्याला कळेना: माझा अनुभव

लक्षण: ‘पीस ऑफ केक’ म्हणजे इंग्रजीत अगदी सोपं काम. माझ्या कोरियन विद्यार्थिनीला हा अर्थ चोख ठाऊक, त्यांच्याकडे ‘नुवोसो त्तोक मोक्की’, म्हणजे आडवं पडून तांदळाचा केक खाणं, आपल्या हातचा मळ. तरी ऐकणारा ‘काय?’ विचारायचा. अर्थ पुन्हा समजावला, घोकून घेतलं, फरक शून्य. फार जीव मेटाकुटीला आला.

खरी गोची हंगुल या कोरियन लिपीत उच्चार लिहून घेण्यात होती. तिथे अशा इंग्रजी शब्दांच्या अखेरच्या व्यंजनाला स्वर चिकटतो: ‘पि-सु-ओ-बु-के-इ-खु’. तीन अक्षरांची सात!

आधी ते हंगुलमधलं टिपण बंद केलं. मग नुसतं ‘केक्’, शेवटच्या ‘क्’वर आवाज तोडून. मग ‘पी-सव्-केक्’, तीन टाळ्यांत. ‘स’ पुढच्या अक्षराला जोडलेला. हे बसल्यावरच पुढे ‘इट्स अ’, ‘अ’ अगदी हलका. टाळ्या वाढल्या की पुन्हा ‘केक्’पासून.