लक्सर ते आस्वान: नाईलवरील क्रूझचे नियोजन कसे करावे

प्राचीन इजिप्तची देवळे आणि थडगी पाहण्यासाठी नाईलवरून केल्या जाणाऱ्या बहुतेक सहली लक्सर आणि आस्वान या दोन शहरांच्या दरम्यान होतात. हे अंतर नदीमार्गे दोनशे किलोमीटरहून थोडेच अधिक आहे आणि न थांबता गेल्यास बोटीला त्यासाठी एक दिवसही पुरेसा होईल. म्हणजे तीन किंवा चार रात्रींच्या सहलीतील बराचसा वेळ बोट धक्क्याला लागलेली असते आणि प्रवासी किनाऱ्यावर असतात. त्यामुळे बोट निवडताना खोलीच्या छायाचित्रांपेक्षा वेळापत्रक आधी मागवून घ्यावे आणि प्रत्येक स्थळी बोट किती वाजता पोहोचते, तेथे किती तास मिळतात, हे त्यात बारकाईने पाहावे. कोम ओम्बोचे देऊळ अंधारात उरकणारी आणि एडफूच्या देवळाला जेमतेम तासभर देणारी सहल कितीही आलिशान असली, तरी तिचा मूळ हेतू साधत नाही.

साधारणतः लक्सरहून आस्वानला जाणारी सहल चार रात्रींची आणि आस्वानहून परतणारी तीन रात्रींची असते. शक्य असेल तर लक्सरहून निघावे. यात एक रात्र अधिक मिळते, शिवाय वास्तूही कालक्रमाने समोर येतात. लक्सरमधील बहुतेक महत्त्वाची बांधकामे नवराज्याच्या काळातील, म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. 1550 ते 1070 या दरम्यानची आहेत. एस्ना, एडफू, कोम ओम्बो आणि फिले येथील आज दिसणारी देवळे मात्र मुख्यतः ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या आणि त्यानंतरच्या रोमन सत्तेच्या काळात उभी राहिली. आधी जुने पाहिले, की हजार वर्षांनंतरच्या कारागिरांनी त्यातले काय जपले आणि काय बदलले, हे आपोआप लक्षात येऊ लागते.

मोठ्या क्रूझ बोटी धक्क्यावर एकीला एक लागून उभ्या केल्या जातात. किनाऱ्यावर उतरण्यासाठी दोन-तीन परक्या बोटींच्या स्वागतकक्षांतून जावे लागते आणि खिडकीचा पडदा सारला की नदीऐवजी शेजारच्या बोटीतील खोली दिसते. नदीचे दृश्य हवे असेल तर त्यासाठी वरचा उघडा डेक आहेच. महागड्या खोलीवर जादा पैसे खर्च करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. खोली शक्यतो इंजिनापासून दूर, वरच्या मजल्यावर मागावी. गर्दी नकोशी वाटणाऱ्यांसाठी दहाबिया हा उत्तम पर्याय आहे. ही मोजक्या खोल्यांची, शिडाची बोट असते. नाईलचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून वाहतो, त्यामुळे प्रवाहाविरुद्ध जाण्यासाठी शिडे येथे हजारो वर्षे उपयोगी पडत आली आहेत. दहाबिया सहसा एस्नाजवळून निघतात आणि मोठ्या बोटी जेथे थांबत नाहीत अशा ठिकाणीही थांबतात. उदाहरणार्थ, ज्या वालुकाश्माने ही देवळे बांधली त्याच्या प्राचीन खाणी जेथे आहेत, ते गबल अल-सिलसिला. मात्र त्यांचा खर्च अधिक असतो आणि वारा पडला की छोटी बोट त्यांना ओढून नेते.

ऑक्टोबर ते एप्रिल हा सहलीचा योग्य काळ आहे. उन्हाळ्यात लक्सरचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि राजांच्या थडग्यांच्या सावली नसलेल्या दरीत ते असह्य होते. डिसेंबरअखेरीस गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी हा त्यातला बरा मध्य.

लक्सरच्या पूर्व तीरावर कर्नाक आणि लक्सर ही देवळे आहेत, तर सूर्य मावळतो त्या पश्चिम तीरावर थडगी आणि राजांची स्मृतिमंदिरे. कर्नाकला दार उघडताच पोहोचावे. तेथील स्तंभमंडपात 134 खांब आहेत आणि मधल्या रांगांतील बारा खांब सुमारे 21 मीटर उंच आहेत. लक्सर मंदिर सूर्यास्तानंतरही खुले असते आणि दिव्यांच्या तिरप्या उजेडात तेथील कोरीवकाम दुपारपेक्षा स्पष्ट दिसते. दाराशी एकच ओबेलिस्क, म्हणजे उंच, टोकदार दगडी स्तंभ, उभा आहे. त्याचा जोडीदार 1836 पासून पॅरिसच्या चौकात आहे.

पश्चिम तीरावरील व्हॅली ऑफ द किंग्ज, म्हणजे राजांच्या थडग्यांच्या दरीसाठी मात्र आधी थोडा अभ्यास करून जावे. सर्वसाधारण तिकिटात तीन थडगी पाहता येतात, आणि तुतनखामून, सेती पहिला व रामसेस सहावा यांच्या थडग्यांसाठी वेगळे तिकीट घ्यावे लागते. सर्वच थडगी एका वेळी खुली नसतात, त्यामुळे पर्यायी नावे हाताशी ठेवावीत. तुतनखामूनचे थडगे 1922 मध्ये हॉवर्ड कार्टर यांना सापडले म्हणून जगप्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात ते लहान आहे, रंगवलेली खोली एकच, आणि तेथील खजिना आता कैरोजवळ गिझा येथे पाहावा लागतो. राजाची ममी तेवढी तेथेच ठेवलेली आहे. पैसे एकाच जादा तिकिटावर खर्च करायचे असतील तर माझ्या मते रामसेस सहाव्याची निवड करावी. त्याच्या दफनकक्षाच्या छतावर आकाशदेवता नुट हिची लांबलचक आकृती पाठीला पाठ लावून दोनदा रंगवली आहे. ती संध्याकाळी सूर्याला गिळते, रात्रभर तो तिच्या देहातून प्रवास करतो आणि पहाटे पुन्हा जन्माला येतो. निळ्या पार्श्वभूमीवरील पिवळ्या आकृतींतून हा सारा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडलेला आहे. मान दुखेपर्यंत वर पाहत राहावे असे ते छत आहे. सर्वसाधारण तिकिटातील तिघांत रामसेस तिसरा आणि रामसेस चौथा असावेत. गुडघे धड असतील तर तिसरा थुटमोस. त्याचे थडगे कड्यात उंचावर आहे, जिना चढून मग पुन्हा खोल उतरावे लागते, पण लंबगोल दफनकक्षाच्या भिंतींवरील काडीसारख्या साध्या रेघांच्या आकृती दरीत अन्यत्र क्वचितच दिसतील. राणी हातशेप्सुतचे मंदिर पूर्वाभिमुख आहे, म्हणून तेही सकाळीच पाहणे इष्ट.

लक्सर सोडल्यावर बोट एस्नाच्या बंधाऱ्यावरील जलपाशातून, म्हणजे पाणी भरून बोट वर उचलणाऱ्या बंदिस्त दालनातून, वर चढते आणि तेथे तिला रांगेत थांबावे लागते. या वेळी लहान होड्यांतील विक्रेते खालून ओरडत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले गलाबिया (लांब झगे) आणि चादरी थेट डेकवर भिरकावतात. घ्यायचे असेल तर त्याच पिशवीतून पैसे खाली टाकायचे, नको असेल तर वस्तू परत फेकायची. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमीवर घासाघीस सुरू करण्यात गैर काही नाही.

एडफूचे ससाणारूपी देव होरसचे मंदिर इ.स.पू. 237 मध्ये बांधायला घेतले आणि इ.स.पू. 57 मध्ये पूर्ण झाले. ते जवळजवळ अखंड उरले असल्यामुळे इजिप्शियन मंदिराची रचना समजून घेण्यासाठी याहून चांगली जागा नाही. प्रवेशगोपुरातून अंगण, अंगणातून स्तंभमंडप आणि तेथून गाभारा असे सरळ रेषेत जात असता जमीन हळूहळू उंचावते, छत खाली येते आणि उजेड कमी होत जातो. गाभाऱ्यात एकाच दगडाचा देव्हारा आहे आणि तो मंदिरापेक्षाही जुना आहे. भिंतींकडेही नीट पाहावे: बाहेरच्या भिंतींवरील आकृती सहसा पृष्ठभागाच्या आत खोदलेल्या असतात, कारण प्रखर उन्हात त्यांच्या कडांची सावली पडून चित्र उठून दिसते, आतल्या मंद उजेडात उठावाचे काम अधिक शोभते. धक्क्यापासून मंदिरापर्यंत घोडागाडी मिळते, परंतु घोड्याची अवस्था वाईट दिसल्यास निःसंकोचपणे टॅक्सी करावी. कोम ओम्बोचे मंदिर मगररूपी सोबेक आणि थोरला होरस या दोन देवांचे असल्याने त्यात सारे काही जोडीने आहे, अगदी गाभारेही दोन. शेजारच्या संग्रहालयातील मगरींच्या ममी चुकवू नयेत.

आस्वानचे फिले मंदिर होडीतून गाठावे लागते. धरणांमुळे मूळ बेट पाण्याखाली जाऊ लागल्याने हे मंदिर शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवण्यात आले. इ.स. 394 मधील, आजवर ज्ञात असलेला सर्वांत उशिराचा चित्रलिपीतील लेख येथेच आहे. अबू सिंबेलचे खडकात कोरलेले मंदिर आस्वानपासून सुमारे 280 किलोमीटर दक्षिणेस असून बहुधा क्रूझच्या दरात धरलेले नसते; ते आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. पहाटे चारच्या सुमारास निघून दुपारपर्यंत परतता येते. दुसऱ्या रामसेसच्या चार बैठ्या पुतळ्यांसह तो संपूर्ण खडक 1964 ते 1968 या काळात कापून सुमारे 65 मीटर वर नेला आहे, हे ठाऊक असूनही सांधे शोधावे लागतात. दिवस मोकळा ठेवता आला, तर तेथेच एक रात्र मुक्काम करणे सर्वांत चांगले.

खर्चाचा अंदाज बांधताना बोटीवर जेवण धरलेले असले तरी पेये बहुधा वेगळी आकारली जातात, हे गृहीत धरावे. अनेक स्थळांच्या तिकीट खिडकीवर कार्डच चालते, त्यामुळे कार्ड जवळ असावे. बक्षीशीसाठी मात्र इजिप्शियन पौंडांच्या लहान नोटा लागतात आणि त्या कधीच पुरत नाहीत, म्हणून बँकेतून सुट्टे मागून घ्यावेत. थडग्यातील एखादा रखवालदार खुणेने बोलावून बंद कोपरा दाखवू लागला, तर ती सेवा विकत घेतली जात आहे असे समजावे. नको असेल तर नम्रपणे मान हलवून पुढे जावे. मोबाइलने छायाचित्रे काढता येतात, परंतु फ्लॅश वापरू नये आणि ड्रोन देशात नेऊच नये, कारण तो विमानतळावरच जप्त होतो. मार्गदर्शक परवानाधारक आहे आणि तुमची भाषा तो बोलतो, याची लेखी खात्री बोटीच्या कंपनीकडून निघण्यापूर्वीच करून घ्यावी.