अर्धवट डाउनलोड दुसऱ्या टॉरेंट प्रोग्रॅममध्ये नेताना

खानापूरच्या बाजूला घरात मोबाइलच्या डेटावर रोज एक-दीड जीबी करत साठ टक्क्यांवर आणलेलं डाउनलोड बेळगावात टिळकवाडीला, फायबर असलेल्या नातेवाइकांकडे नेऊन पुरं करायचं असतं. घरी यूटॉरेंट आहे, तिथे क्यूबिटटॉरेंट. दोन्ही टॉरेंटचे प्रोग्रॅम, म्हणजे अनेकांच्या मशीनवरून तुकड्या-तुकड्याने फाइल उतरवणारे. किंवा निपाणीतल्या एखाद्या दुकानाच्या जुन्या मशीनवरचं विंडोज काढून लिनक्स चढवायचं असतं, आणि लिनक्सवर हाताशी असतो ट्रान्समिशन, हाही टॉरेंटचाच प्रोग्रॅम. अशा वेळी बरेच जण हात झटकून शून्यापासून सुरुवात करतात. बारा जीबी डेटा फुकट जातो, आणि तो घालवायची काहीच गरज नसते.

कारण सरळ आहे. टॉरेंटमधला माल तुकड्यांत विभागलेला असतो. एक तुकडा साधारण 256 केबीपासून 16 एमबीपर्यंत, आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याच्या बाइटवरून गणिताने काढलेला ठसा, टॉरेंट फाइलमध्ये (मालाची यादी असलेल्या छोट्या फाइलीत) लिहिलेला असतो. समजा 20 जीबीचा टॉरेंट आहे आणि तुकडा 4 एमबीचा आहे. म्हणजे 5120 तुकडे झाले. एसएचए-1 या पद्धतीने काढलेला हॅश 20 बाइटचा, म्हणून नुसत्या हॅशनीच टॉरेंट फाइलचे 100 केबी भरतात. कुठलाही प्रोग्रॅम डिस्कवरचा तुकडा वाचतो, हॅश काढतो, यादीशी ताडून बघतो. जुळला तर तुकडा आहे, नाही जुळला तर नाही. तो तुकडा कुठल्या प्रोग्रॅमने उतरवला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ‘साठ टक्के’ हा आकडा जुन्या प्रोग्रॅमच्या वहीतला आहे. ती वही नेण्याची गरज नाही. डिस्कवरचा माल आणि टॉरेंट फाइल या दोनच गोष्टी न्यायच्या, आणि माल नव्या प्रोग्रॅमला बरोबर त्याच नावाने, बरोबर त्याच जागी सापडला पाहिजे. जे काही बिघडतं ते बहुतेक वेळा नावात किंवा जागेत बिघडतं.

आधी जुन्या प्रोग्रॅमकडे

टॉरेंट थांबवा. मग प्रोग्रॅम पूर्ण बंद करा. खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला असं नाही, घड्याळाजवळच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘एक्झिट’ म्हणा. चालू प्रोग्रॅमने फाइल धरून ठेवलेली असते आणि शेवटचे काही तुकडे अजून मेमरीतच असू शकतात. बंद होताना तो ते डिस्कवर उतरवतो. त्यामुळे करंट गेला म्हणून मशीन धाडकन बंद पडलं असेल, तर पुन्हा चालू करून प्रोग्रॅम एकदा उघडा, नीट बंद करा आणि मगच पुढे जा.

जुन्या यादीतून टॉरेंट काढून टाकायची घाई अजिबात करू नका. ‘रिमूव्ह’च्या शेजारीच ‘फाइलींसकट डिलीट’ असतं. सगळ्यात मोठं नुकसान त्या एका क्लिकने होतं, आणि ते भरून येत नाही. नवीन ठिकाणी आकडा दिसेपर्यंत जुनं जसंच्या तसं राहू द्या. माल ‘कट’ करू नका, ‘कॉपी’ करा.

आता टॉरेंट फाइल. मॅग्नेट लिंकवरून (टॉरेंट फाइलीऐवजी तिची ओळख असलेल्या लिंकवरून) सुरू केलं असेल तर ‘माझ्याकडे फाइलच नाही’ असं वाटतं, पण प्रोग्रॅमने ती स्वतःकडे साठवलेली असते. क्यूबिटटॉरेंटच्या नव्या आवृत्त्यांत टॉरेंटवर उजवी क्लिक केली की ‘एक्स्पोर्ट टॉरेंट’ मिळतं. जुन्या आवृत्तीत ‘बीटी बॅकअप’ नावाच्या फोल्डरमध्ये 40 अक्षरांच्या हॅशच्या नावाने फाइली असतात. विंडोजवर हा फोल्डर लोकल ॲपडेटाखाली सापडतो. साध्या यूटॉरेंटच्या फाइली ॲपडेटाच्या रोमिंगमधल्या यूटॉरेंट फोल्डरमध्ये, ओळखू येतील अशा नावांनी असतात. ट्रान्समिशन आणि डेल्यूज (आणखी एक टॉरेंट प्रोग्रॅम) यांच्या फाइली लिनक्सवर होम फोल्डरच्या लपलेल्या ‘कॉन्फिग’मध्ये असतात: ट्रान्समिशनच्या ‘टॉरेंट्स’ उपफोल्डरमध्ये, डेल्यूजच्या ‘स्टेट’मध्ये. लपलेले फोल्डर बहुतेक फाइल मॅनेजरांत कंट्रोल-एच दाबलं की दिसतात.

नवीन ठिकाणी नुसती मॅग्नेट लिंक टाकूनही भागतं, पण त्यासाठी कोणीतरी पिअर, म्हणजे तोच टॉरेंट चालू असलेला दुसरा माणूस, ऑनलाइन लागतो. इंटरनेट आर्काइव्हवरच्या एखाद्या जुन्या पोथीच्या स्कॅनचा टॉरेंट असेल आणि सीडर (पूर्ण माल जवळ असून तो इतरांना देणारा) नसेल, तर ‘डाउनलोडिंग मेटाडेटा’वर तो तासन्‌तास अडकून राहील. फाइल हातात असली की हा प्रश्न येत नाही.

शेपट्या काढा

अपुऱ्या फाइलीच्या नावाला प्रत्येक प्रोग्रॅम आपली शेपटी लावू शकतो. यूटॉरेंटची शेपटी म्हणजे डॉट, उद्गारचिन्ह आणि यूटी. क्यूबिटटॉरेंटची तशीच, शेवटी क्यूबी. ट्रान्समिशन ‘डॉट पार्ट’ लावतो. नव्या प्रोग्रॅमला दुसऱ्याची शेपटी कळत नाही. त्याला ती फाइल दिसतच नाही आणि तो शून्य टक्के दाखवतो. जुन्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शेपटी लावण्याचा पर्याय बंद करा, फोल्डर उघडून बघा, आणि शेपटी उरली असेल तर कॉपीवर हाताने काढा. विंडोज एक्सप्लोररमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ दाखवायला लावा, नाहीतर नावाचा शेवट नीट दिसणार नाही आणि भलतंच काहीतरी बदललं जाईल.

पेनड्राइव्हवर घेताना

पेनड्राइव्ह फॅट32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. फॉरमॅट केल्यावर त्यावरचं सगळं जातं, हे आधी लक्षात घ्या. दुसरी गोष्ट: 20 जीबीच्या फाइलीपैकी 12 जीबीच उतरली असेल, तरी पेनड्राइव्हवर जागा 20 जीबीची ठेवा. डिस्कवर ती फाइल मधेमधे पोकळ ठेवलेली असू शकते, पण विंडोजवर साध्या कॉपीत त्या पोकळ्या शून्यांनी भरून पूर्ण आकाराची फाइल तयार होते. त्यामुळे फाइलीचा आकार बघून ‘पूर्ण उतरली’ असा निष्कर्ष काढू नका.

नव्या प्रोग्रॅममध्ये

इथे क्यूबिटटॉरेंट धरून सांगतो, बाकीच्यांत नावं थोडी वेगळी.

आधी सेटिंगमध्ये ‘अपुरे टॉरेंट वेगळ्या जागी ठेवा’ हा पर्याय बंद करा. मग टॉरेंट फाइल उघडा. जी खिडकी येते तिच्यात पाच गोष्टी बघायच्या. मॅनेजमेंट मोड ‘मॅन्युअल’ हवा, नाहीतर जागा प्रोग्रॅम स्वतः ठरवतो. ‘स्टार्ट टॉरेंट’वरची टिक काढा. ‘स्किप हॅश चेक’वर टिक करू नका. ती केली तर प्रोग्रॅम तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून थेट शंभर टक्के दाखवतो, आणि पोकळ फाइल पूर्ण समजून बसतो. कंटेंट लेआउट ‘ओरिजिनल’ ठेवा.

पाचवी गोष्ट सेव्ह करण्याची जागा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. समजा माल डी ड्राइव्हमध्ये ‘डाउनलोड’ फोल्डरात आहे, आणि त्याच्या आत टॉरेंटचा स्वतःचा ‘पोथ्या’ नावाचा फोल्डर आहे. जागा म्हणून ‘डाउनलोड’ द्यायचा. ‘पोथ्या’ दिलात तर प्रोग्रॅम ‘पोथ्या’च्या आत आणखी एक ‘पोथ्या’ शोधतो. तिथे काही नसतं, म्हणून रिकामा फोल्डर करून शून्यापासून उतरवायला लागतो. एकाच फाइलीचा टॉरेंट असेल तर मात्र ती फाइल ज्या फोल्डरात आहे तोच फोल्डर द्यायचा. आणि ‘पोथ्या’चं नाव तुम्ही मधे ‘पोथ्या जुन्या’ असं केलं असेल, तर ते परत ‘पोथ्या’ करा. टॉरेंट फाइलला तुमचा बदल माहीत नसतो.

जुन्या ठिकाणी काही फाइलींवरची टिक काढली होती का? तर इथेही त्याच काढा, नाहीतर नको असलेला मालही उतरायला लागेल.

ओके दाबल्यावर टॉरेंटवर उजवी क्लिक करून ‘फोर्स रीचेक’. ट्रान्समिशनमध्ये याला ‘व्हेरिफाय लोकल डेटा’ म्हणतात, डेल्यूजमध्ये ‘फोर्स री-चेक’. सेकंदाला 30 एमबी वाचणाऱ्या यूएसबी 2 च्या डिस्कवर 20 जीबी तपासायला साधारण अकरा-बारा मिनिटं लागतात. शक्यतो माल आधी लॅपटॉपच्या डिस्कवर घ्या आणि मग तपासा.

आकडा कसा वाचायचा

साठचे एकोणसाठ पूर्णांक आठ झाले तर सगळं ठीक आहे. तुकडा 16 केबीच्या छोट्या ठोकळ्यांनी भरत जातो, आणि अर्धा भरलेला तुकडा हॅशला उतरत नाही, म्हणून तो टाकून दिला जातो. थांबवताना 25 तुकडे निम्मे भरलेले असतील आणि तुकडा 4 एमबीचा असेल, तर 50 एमबी गेले. टिक काढलेल्या फाइलीच्या सीमेवरचा तुकडाही असाच जातो, कारण त्याचा नको असलेल्या फाइलीतला भाग जुन्या प्रोग्रॅमने वेगळ्या लपलेल्या फाइलीत ठेवलेला असतो.

शून्य आलं तर जागा किंवा शेपटी चुकली. ‘स्टार्ट’ न करता टॉरेंट यादीतून काढा, फाइली डिलीट न करता, आणि जागा दुरुस्त करून पुन्हा घाला. साठचे पंचेचाळीस झाले तर ‘कंटेंट’ टॅब उघडा. ज्या फाइली शून्यावर आहेत त्यांची नावं डिस्कवरच्या नावांशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. गाण्यांच्या फाइलींना तुम्ही टॅग भरले असतील तर फाइलीचे बाइट बदललेले असतात. ते तुकडे पुन्हा उतरतील आणि तुमचे टॅग जातील.

मराठी नावांच्या फाइलींत दोन अडचणी येतात. लिनक्सवर नावाची मर्यादा 255 बाइटची, आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे जेमतेम 85 चिन्हं. विंडोजवर याहून बरंच लांब नाव चालतं, त्यामुळे तिथून आलेली लांबलचक शीर्षकाची फाइल लिनक्सवर कॉपीच होत नाही. डिस्कवर नाव तोडा आणि टॉरेंट घालताना त्या खिडकीतही फाइलीला तेच तोडलेलं नाव द्या. दुसरी अडचण ‘ऱ्या’ची. हा ‘ऱ’ एक चिन्ह म्हणून किंवा ‘र’ला खाली नुक्ता देऊन, अशा दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव नेहमी दुसऱ्या प्रकाराने साठवते, आणि तिथून लिनक्सवर आणलेली ‘किनाऱ्यावर’ नावाची फाइल प्रोग्रॅमला सापडत नाही. नव्या प्रोग्रॅममधून नाव कॉपी करून डिस्कवरच्या फाइलीला चिकटवलं की सुटतं.

दोन ठिकाणी अर्धं अर्धं असेल तर

एकाच टॉरेंटचे एका लॅपटॉपवर साठ टक्के आणि दुसऱ्यावर पन्नास, असं झालं तर एकाची फाइल दुसऱ्यावर कॉपी करू नका, नवी फाइल आधीचीला पुसून टाकेल. दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर घ्या, दोन्हींत ‘लोकल पिअर डिस्कव्हरी’ चालू करा आणि टॉरेंट सुरू करा. ते एकमेकांना शोधून आपल्याकडचे तुकडे देतात. इंटरनेट बंद असलं तरी चालतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही, आणि आपसात दिलेला माल डेटात धरला जात नाही. एकमेकांना सापडले नाहीत तर विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ करा. प्रायव्हेट टॉरेंटला (जो फक्त एखाद्या साइटच्या सभासदांसाठी असतो) मात्र ही सोय बंद असते.

टॉरेंटला जगात एकही सीडर उरला नसेल, तर अर्धे भरलेले तुकडेही मोलाचे असतात. अशा वेळी प्रोग्रॅम बदलू नका. क्यूबिटटॉरेंटवरून क्यूबिटटॉरेंटवरच जा, मालाबरोबर ‘बीटी बॅकअप’मधल्या त्या टॉरेंटच्या दोन्ही फाइली न्या, डिस्कवरचा मार्ग तोच ठेवा आणि रीचेक करू नका. अर्ध्या तुकड्यांची नोंद त्या ‘फास्टरिझ्यूम’ फाइलीत असते.

बाकी वेळी, रीचेकनंतर आकडा पटला की ‘स्टार्ट’ करा. आकडा वाढताना दिसल्यावर जुन्या मशीनच्या यादीतून टॉरेंट काढा, फक्त नोंद. माल तिथे शंभर टक्के होईपर्यंत राहू द्या.