आतड्याच्या स्नायूवरील कॅल्शियमचे प्रयोग : या चुका टाळा

आतड्याचा अरेखित स्नायू आकुंचन पावतो तो पेशीतले मुक्त कॅल्शियम वाढल्यामुळे, आणि ते दोन ठिकाणांहून येते : बाहेरच्या द्रवातून पेशीच्या आवरणातल्या एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्यांमार्फत आणि पेशीतल्याच सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या साठ्यातून. पोटॅशियम क्लोराइडची मोठी मात्रा वाहिन्या उघडते. ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारे रसायन आयपी३ या पेशीतल्या निरोप्या रेणूमार्फत साठा मोकळा करते, शिवाय वाहिन्याही उघडते. तोंडी परीक्षेत हे सगळे घडाघडा सांगणारे विद्यार्थी ऑर्गन बाथपाशी, म्हणजे आतड्याचा तुकडा द्रावणात टांगून त्याचे आकुंचन नोंदवण्याच्या पात्रापाशी मात्र चुकतात, आणि बहुधा टायरोड, म्हणजे तुकडा जिवंत ठेवणारे क्षारांचे द्रावण बनवतानाच चुकतात.

काही वर्षांपूर्वी एक पदव्युत्तर विद्यार्थी आलेख घेऊन आला. कोंबडीच्या आतड्याच्या तुकड्याने पोटॅशियमला जेमतेम दाद दिली होती, ॲसिटिलकोलीनला मात्र बरी. त्यावरून येथे आकुंचन मुख्यतः आतल्या साठ्यावर चालते, असे त्याने प्रबंधाच्या मसुद्यात लिहूनही टाकले होते. द्रावण कसे केले, असे विचारल्यावर त्याने निरागसपणे सांगितले की सगळे क्षार थोड्याशा पाण्यात एकदम विरघळवले, द्रावण दुधासारखे झाले, म्हणून गाळून घेतले. गाळणकागदावर राहिलेला पांढरा थर म्हणजेच त्याचे कॅल्शियम होते, बायकार्बोनेट आणि फॉस्फेटशी संयोग पावून खाली बसलेले. तीन आठवड्यांचे काम वाया गेले, दहा मिनिटे वाचवण्यासाठी.

मी बाकीचे क्षार विरघळवून द्रावण जवळजवळ पूर्ण आकारमानाला आणतो, कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण) सोडतो आणि मगच एक मोलर कॅल्शियम क्लोराइडचे लिटरला १.८ मिली ढवळत ढवळत थेंबाथेंबाने घालतो. वजन करूनच घालायचे असेल, तर लिटरला ०.२ ग्रॅम हे माप निर्जल क्षाराचे आहे; बरणीवर डायहायड्रेट (पाण्याचे दोन रेणू धरून असलेला क्षार) लिहिले असेल तर सुमारे ०.२६ ग्रॅम लागते. ढगाळ झालेले द्रावण गाळू नये, ओतून द्यावे. याच्या उलट चूक लंडनमध्ये सिडनी रिंगर या वैद्यक संशोधकांकडे झाली होती : डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेले, त्यातल्या कॅल्शियमवर बेडकाचे हृदय चालत राहिले, आणि १८८३ मध्ये त्यांनी आपला आधीचा निष्कर्ष जाहीरपणे दुरुस्त केला.

दुसरी चूक ‘कॅल्शियमविरहित’ या शब्दावर विश्वास ठेवण्याची. कॅल्शियम क्लोराइड वगळले तरी पाण्यातून आणि इतर क्षारांतून थोडे येतेच, म्हणून ईजीटीए हे कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन घालावे लागते, आणि ते कॅल्शियमला धरताना आम्ल सोडते, म्हणून पीएच पुन्हा तपासावा लागतो. त्याहून महत्त्वाची आहे वेळ. अशा द्रावणात अर्धा तास ठेवलेला तुकडा ॲसिटिलकोलीनला गप्प राहिला, तर साठ्याचा सहभाग नाही असे ठरत नाही. आतड्याच्या स्नायूचा साठा मुळात लहान असतो आणि तोवर तो गळून गेलेला असतो. मी स्टॉपवॉच लावून दोन मिनिटांच्या आत एकच मात्रा देतो, आणि पुढच्या मात्रेआधी तुकडा साध्या टायरोडमध्ये ठेवून साठा भरू देतो. लागोपाठ तीन मात्रा देणाऱ्यांना दुसरी आणि तिसरी रेघ सपाट मिळते, आणि मग ते औषधाच्या बाटलीला दोष देतात.

पोटॅशियम वाढवताना तेवढेच सोडियम कमी करावे, नाहीतर द्रावणाची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची एकूण संहती) वाढते. पोटॅशियमने मज्जातंतूंची टोकेही ॲसिटिलकोलीन सोडतात, तेव्हा आधी ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखणारे ॲट्रोपीन द्यावे. एल-प्रकारच्या वाहिन्या बंद करणारे निफेडिपिन उजेडात बिघडते. खिडकीजवळच्या टेबलावर उघडे ठेवलेले निफेडिपिन वापरून ‘वाहिन्या बंद करूनही आकुंचन झाले’ असे लिहू नये.